उज्जैनला पहिलं बाळंतपण : दवाखाना ठरवताना काय बघायचं, काय विचारायचं

रावेर, भुसावळ, जळगाव, बऱ्हाणपूर, खंडवा या पट्ट्यातल्या कितीतरी घरांनी लेकी इंदूर-उज्जैनकडे दिल्या आहेत. शिवाय उज्जैनला पिढ्यान्‌पिढ्या राहणारी मराठी घरंही आहेत. शिंद्यांची राजधानी तिथं होती, १८१० मध्ये दौलतराव शिंदे ती ग्वाल्हेरला घेऊन गेले, पण सोबत आलेली सगळी माणसं काही तिकडं गेली नाहीत. अशा घरांत पहिली गोड बातमी आली की पेढ्यांच्या मागोमाग प्रश्न येतो : बाळंतपण कुठं करायचं? माहेरी आणायचं की उज्जैनलाच? सरकारी की खाजगी? आणि खाजगी तर कोणतं?

उत्तर बहुतेक वेळा ‘आमच्या जाऊबाईंचं तिथं झालं, छान झालं’ एवढ्यावर ठरतं. जाऊबाईंचं छान झालं यात आनंदच आहे. पण त्यांचं सगळं सुरळीत होतं म्हणून छान झालं, का अडचण आली तेव्हा दवाखान्याने ती निभावली म्हणून, हे कुणी विचारत नाही. दवाखान्याची परीक्षा दुसऱ्या प्रकारात होते.

हा विषय किती गंभीर आहे ते एका आकड्यावरून कळेल. नमुना नोंदणी पाहणीच्या २०१८-२० च्या अहवालात दर एक लाख जिवंत जन्मांमागे मातामृत्यू देशात ९७, महाराष्ट्रात ३३ आणि मध्य प्रदेशात १७३ होते. याचा अर्थ उज्जैन शहरातलं प्रत्येक बाळंतपण धोक्याचं, असा मुळीच नाही. राज्याच्या आकड्यात दूरचे आदिवासी पाडे, रस्ता नसलेली गावं हे सगळं येतं. दवाखान्यात होणारी बाळंतपणं मध्य प्रदेशातही नव्वद टक्क्यांच्या वर गेली आहेत, हे पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आलं आहे. म्हणजे बहुतेक बायका दवाखान्यात पोचतात. तो दवाखाना वेळेला कामाचा निघतो का, हा पुढचा प्रश्न.

माहेरी की सासरी?

पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. रीत चांगली आहे. पहिलटकरणीला आईजवळ जो धीर मिळतो तो दुसरीकडे मिळत नाही. पण ही रीत पडली तेव्हा माहेर दहा-वीस कोसांवर असायचं. उज्जैनहून भुसावळ-जळगाव म्हणजे आधी इंदूर, मग खंडवा रस्त्याने भेरूघाट उतरून बऱ्हाणपूर, पुढं मुक्ताईनगर. धुळ्याकडे जायचं तर मानपूर-धामनोदचा गणेश घाट आणि सेंधव्यापुढचा बिजासन घाट. या रस्त्यांवर एखादा ट्रक आडवा झाला तर तास-दोन तास कसे जातात ते इकडच्या माणसाला सांगायला नको. रेल्वेने जायचं तर वळसा पडतो.

तेव्हा माहेरी आणायचंच असेल तर ते आठव्या महिन्याच्या सुरुवातीला, फार तर चौतिसाव्या आठवड्यापर्यंत, आणि तेही डॉक्टरांना विचारून. ‘सातव्यात डोहाळजेवण करू, नवव्यात घेऊन जाऊ’ हा हिशेब चुकीचा. नवव्यात लांबचा प्रवास नको. आणि रक्तदाब वाढलेला आहे, वार खाली आहे, मधे रक्तस्राव झालेला आहे, जुळी आहेत, यातलं काहीही असेल तर प्रवासाचा विषयच काढू नका. आईनेच उज्जैनला जाऊन राहावं. व्याह्यांच्या घरी दोन महिने राहायला अवघडल्यासारखं वाटतं, हे खरं. पण अवघडलेली लेक घाटातून आणण्यापेक्षा ते बरं.

आणखी एक गोष्ट, जी घरात कुणी बोलत नाही. माहेरी आणलं की तपासणारे डॉक्टर बदलतात. सहा-सात महिने ज्यांनी बघितलं त्यांच्याकडचे कागद नसतील तर नव्या डॉक्टरांना सगळं पहिल्यापासून शोधावं लागतं. म्हणून निघताना माता व बाल संरक्षण कार्ड, सगळ्या सोनोग्राफीचे अहवाल, रक्तगट, हिमोग्लोबिन, साखर, थायरॉईड, एचआयव्ही, कावीळ-बी या तपासण्यांचे कागद एका फाईलमध्ये हवेत. मोबाईलमध्ये फोटो आहे म्हणून चालत नाही, मोबाईलची बॅटरी नेमकी त्याच रात्री उतरते. माहेरी पोचल्यावर वाट न बघता आठवड्याच्या आत तिथल्या दवाखान्यात नाव नोंदवा. जळगाव, धुळे, नंदुरबारला आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत, हेही लक्षात असू द्या.

उज्जैनमध्ये काय काय आहे

सरकारीत पहिलं नाव चरक भवनाचं. आगर रोडवर, जिल्हा रुग्णालयाच्या आवारालगत हे माता-बाल रुग्णालय आहे. शहरातल्या आणि महिदपूर, तराना, घट्टिया, बडनगर, खाचरोद या बाजूच्या बाया इथंच येतात. आजारी नवजात बाळांसाठीचा एसएनसीयू विभाग इथं आहे. गर्दी असते, त्यात काही लपवण्यासारखं नाही. त्या भागात मेडिसिटी आणि नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं भूमिपूजन २०२४ मध्ये झालं, त्यामुळे कोणता विभाग कुठल्या इमारतीत हलला आहे हे जाण्याआधी एकदा प्रत्यक्ष बघून या. रात्री दोन वाजता कळा घेणाऱ्या बाईला हाताशी धरून फाटक शोधत फिरणं कुणाच्या वाट्याला येऊ नये. फ्रीगंज बाजूला शासकीय माधवनगर रुग्णालय आहे, तिथं प्रसूतीची काय सोय चालू आहे ते तपासणीच्या वेळीच विचारा.

आगर रोडनेच पुढं सुरासाला आर. डी. गार्डी वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याचं रुग्णालय आहे. २००१ साली सुरू झालेलं हे खाजगी महाविद्यालय धर्मादाय संस्थेचं. वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयाचा फायदा असा, की स्त्रीरोग, भूल, बालरोग, रक्तपेढी हे सगळं एका छताखाली असतं आणि रात्री निवासी डॉक्टर असतात. अडचण अशी, की शहरापासून ते बाजूला आहे आणि शिकणारे डॉक्टरही तपासतात, ते काही जणींना नको वाटतं. देवास रोडला पुष्पा मिशन हे जुनं मिशनरी रुग्णालय आहे. बाकी खाजगी नर्सिंग होम बहुतेक फ्रीगंज, देवास रोड, दशहरा मैदान, नानाखेडा या भागांत विखुरलेली आहेत.

आणि तासाभराच्या अंतरावर इंदूर. तिथं महाराजा यशवंतराव रुग्णालय म्हणजे एमवाय, आणि बायकांसाठी महाराजा तुकोजीराव होळकर रुग्णालय. खाजगी मोठी रुग्णालयं वेगळीच. उज्जैन-इंदूर अंतर पंचावन्न किलोमीटरच्या आसपास. धोक्याची गरोदर असेल तर ‘वेळ आली तर इंदूरला नेऊ’ असं म्हणण्यापेक्षा आधीपासूनच इंदूरला नाव घाला. वेळ आल्यावर नेणं आणि ठरवून जाणं यात फार फरक असतो.

कोणतं चांगलं, असा सरळ क्रम इथं लावत नाही, कारण तो प्रामाणिकपणे लावता येत नाही. डॉक्टर बदलतात, भूलतज्ज्ञ सोडून जातात, मागच्या वर्षी होती ती सोय या वर्षी नसते. म्हणून पुढचे प्रश्न हाताशी ठेवा आणि दोन-तीन ठिकाणी जाऊन विचारा. पाचव्या-सहाव्या महिन्यात हे काम उरकावं.

रात्री दोनचा प्रश्न

दवाखान्यात गेल्यावर खोली बघतात, एसी बघतात, बाथरूम बघतात. बघा, त्यात काही वाईट नाही. पण आधी विचारा : रात्री दोन वाजता इथं कोण असतं?

नाव ज्यांचं पाटीवर आहे त्या मॅडम रात्री घरी असतात, हे साहजिक आहे. त्या किती मिनिटांत पोचतात? त्या बाहेरगावी असतील तर त्यांच्या जागी कोण, आणि त्या डॉक्टरांना आधी भेटता येईल का? रात्री ड्युटीवर असणारे डॉक्टर कोणत्या शाखेचे आहेत? छोट्या नर्सिंग होममध्ये रात्रपाळीला आयुर्वेद-होमिओपॅथीचे डॉक्टर असणं सर्रास आहे. ते लक्ष ठेवू शकतात, पण अडलेली बाई सोडवू शकत नाहीत. कळांच्या वेळी बाळाचे ठोके कोण आणि किती वेळाने ऐकतं? प्रशिक्षित नर्स किती, आणि एका वेळी किती बाळंतिणी त्यांच्याकडे?

मग भूलतज्ज्ञ. लहान दवाखान्यांत भूलतज्ज्ञ बाहेरून बोलावतात आणि एकच डॉक्टर शहरातल्या चार-पाच ठिकाणी जातात. तातडीचं सिझर ठरल्यापासून साधारण अर्ध्या तासात शस्त्रक्रिया सुरू व्हावी, असं वैद्यकशास्त्र धरून चालतं. तुमच्या दवाखान्याला रात्री तेवढ्यात भूलतज्ज्ञ मिळतो का? हा प्रश्न विचारल्यावर उत्तर देणारा चिडला तर तेही एक उत्तरच समजा.

तिसरा बालरोगतज्ज्ञ. बाळ जन्मल्यावर लगेच रडलं नाही, तर पहिलं मिनिट फार मोलाचं असतं. त्या मिनिटात बाळाला कोरडं करून, उब देऊन, लागला तर पिशवीने श्वास देणारं माणूस खोलीत हवं. ते फोन करून येत नसतं. निदान त्याचं शिक्षण घेतलेली नर्स आणि ती पिशवी-मास्क प्रसूतीच्या खोलीत आहे का? बाळाला ठेवायला एनआयसीयू तिथंच आहे, की दुसऱ्या दवाखान्यात पाठवतात? पाठवत असतील तर कोणत्या, आणि कोणत्या गाडीतून? आई एका दवाखान्यात आणि बाळ दुसऱ्यात, म्हणजे घरच्यांची दोन्हीकडे पळापळ आणि बाळाला आईचं दूध नाही.

रक्त

बाळंतपणात बाई दगावण्याचं मोठं कारण आजही रक्तस्रावच. बाळ झालं, सगळे पेढे आणायला गेले, आणि इकडं रक्त थांबत नाही, असं होतं. जास्त स्राव झाला तर दोन तासांतसुद्धा जीव जाऊ शकतो. म्हणून रक्तपेढी कुठं आहे, रात्री चालू असते का, दवाखान्यातून तिथं जाऊन यायला किती वेळ लागतो, हे घरातल्या एका पुरुषाने प्रत्यक्ष जाऊन बघून ठेवावं. त्याच रक्तगटाचे दोन-तीन नातेवाईक-मित्र कोण, त्यांची नावं लिहून ठेवावीत. बाईचा गट निगेटिव्ह असेल तर हे काम सातव्या महिन्यातच करा, ऐनवेळी निगेटिव्ह रक्त शोधणं अवघड असतं. आणि निगेटिव्ह आईला पॉझिटिव्ह बाळ झालं तर अँटी-डी इंजेक्शन ७२ तासांच्या आत द्यावं लागतं. अठ्ठाविसाव्या आठवड्यातही ते देतात. डॉक्टर सांगतीलच, पण तुम्हीही आठवण ठेवा. हे इंजेक्शन आत्ताच्या बाळासाठी नाही, पुढच्या बाळासाठी असतं, म्हणून ते राहून जातं.

हिमोग्लोबिन ११ च्या वर हवं. ७ च्या खाली असेल तर तो तीव्र रक्तक्षय, मग लहान नर्सिंग होमचा विचार सोडा आणि रक्तपेढी असलेल्या मोठ्या रुग्णालयातच जा. झाबुआ, अलिराजपूर, धार, इकडे नंदुरबार, धुळे, जळगावचा सातपुडा, या भागातल्या घरांनी सिकलसेलची तपासणी गरोदरपणाच्या सुरुवातीलाच नवरा-बायको दोघांचीही करून घ्यावी. सरकारीत ती फुकट होते.

सिझरचं काय?

‘तिकडं गेलं की पोट फाडतातच’ हे वाक्य प्रत्येक दवाखान्याबद्दल ऐकायला मिळतं. पाचव्या कुटुंब आरोग्य पाहणीत देशात खाजगी दवाखान्यांतल्या बाळंतपणांपैकी ४७.४ टक्के सिझर होती, सरकारीत १४.३ टक्के. मध्य प्रदेशात सगळी मिळून १२.१ टक्के. म्हणजे राज्याचा आकडा कमी, खाजगीतला जास्त. यातून दोन गोष्टी निघतात. एक, खाजगीत नको तिथंही सिझर होतात, हे मानायला जागा आहे. दोन, जिथं हवं तिथं सिझर मिळत नाही अशाही बाया राज्यात आहेत. त्यामुळे ‘इथं सिझर कधीच करत नाहीत’ अशी जाहिरात करणाऱ्या जागेचंही कौतुक करू नका.

डॉक्टरांना सरळ विचारता येतं : पहिलटकरणींपैकी तुमच्याकडे साधारण किती जणींचं नॉर्मल होतं? कळा सुरू झाल्यावर किती वाट बघता? तारीख उलटली तर काय करता? चांगले डॉक्टर याला शांतपणे उत्तर देतात. पहिल्या बाळंतपणाला वेळ लागतो. कळा सुरू होऊन पिशवीचं तोंड पाच सेंटिमीटर उघडेपर्यंतचा काळ कधी कधी दिवसभराचाही असतो आणि त्या काळात आई-बाळ ठीक असतील तर घाई करायचं कारण नसतं, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०१८ मध्ये सांगितलं आहे. खरं तर घाई बऱ्याचदा घरचेच करतात. ‘किती त्रास होतोय तिला, करून टाका मॅडम’ असं सासूबाईच म्हणतात, आणि मुहूर्त बघून सिझर करून घेणारे महाभाग महाकालाच्या नगरीत कमी नाहीत.

कळांच्या वेळी सोबत बाई राहू देतात का, हेही विचारा. सरकारी रुग्णालयांत प्रसूतीच्या वेळी एक सोबतीण राहू द्यावी, अशी केंद्राची २०१६ ची सूचना आहे. प्रत्यक्षात जागेची अडचण सांगतात. मराठी माहेरच्या मुलीला घाबरल्यावर हिंदीतून दुखणं सांगता येत नाही, तिथं आई किंवा बहीण जवळ असणं औषधाइतकंच काम करतं.

कागद आणि पाट्या

खाजगी दवाखान्यात दर्शनी भागात नोंदणीचं प्रमाणपत्र लावलेलं असायला हवं. मध्य प्रदेशात १९७३ च्या उपचर्यागृह कायद्याखाली जिल्ह्याचे मुख्य चिकित्सा व स्वास्थ्य अधिकारी म्हणजे सीएमएचओ ते देतात. सोनोग्राफी असेल तर पीसीपीएनडीटीची नोंदणी आणि गर्भलिंग सांगितलं जात नाही ही पाटी. सरकारी रुग्णालयाला ‘लक्ष्य’ प्रमाणपत्र आहे का बघा. प्रसूतीची खोली आणि शस्त्रक्रियागृह सुधारण्यासाठी केंद्रानं २०१७ मध्ये हा कार्यक्रम सुरू केला. खाजगीत स्त्रीरोगतज्ज्ञांच्या फॉग्सी संघटनेचं ‘मान्यता’ असतं, ते सोळा निकषांवर देतात. प्रमाणपत्र नसलं म्हणजे दवाखाना वाईट असं नाही, पण असलं तर कुणीतरी बाहेरचं येऊन तपासून गेलंय एवढं कळतं.

आगीचा विषय काढायला कुणाला आवडत नाही. ९ जानेवारी २०२१ ला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात शिशू कक्षाला आग लागून दहा बाळं गेली. तेव्हापासून निदान एवढं तरी करा : बाळांचा विभाग कितव्या मजल्यावर आहे, दुसरा जिना आहे का, त्या जिन्यात खोकी आणि जुन्या खाटा रचून ठेवल्यात का, हे बघा. बघायला पैसे पडत नाहीत.

पैसा

सरकारी रुग्णालयात जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली सगळं मोफत असायला हवं : नॉर्मल असो वा सिझर, औषधं, तपासण्या, रक्त, नॉर्मलला तीन दिवस आणि सिझरला सात दिवस जेवण, घरून आणणं आणि घरी सोडणं. २०११ पासून हा हक्क आहे. गाडीसाठी १०८. ‘खुशी’ म्हणून कुणी पैसे मागितले तर देणं बंधनकारक नाही. लोक देतात, ते वेगळं.

जननी सुरक्षा योजनेत मध्य प्रदेशात सरकारी दवाखान्यात बाळंतपण झालं की ग्रामीण बाईला १४०० आणि शहरी बाईला १००० रुपये मिळतात, सगळ्यांना. महाराष्ट्रात आणून केलं तर नियम वेगळा : ग्रामीण ७००, शहरी ६००, आणि तेही दारिद्र्यरेषेखालच्या, अनुसूचित जाती-जमातीच्या बायकांना. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या बाळासाठी ५००० रुपये असतात, ३००० आणि २००० अशा दोन हप्त्यांत. त्याला उत्पन्नाच्या किंवा कार्डाच्या अटी आहेत, अंगणवाडीत विचारा. मध्य प्रदेशात असंघटित कामगार म्हणून नोंद असलेल्या घरांना प्रसूती सहायता योजनेत एकूण १६ हजार रुपयांपर्यंत मिळतात, त्यात बाकीच्या योजनांच्या काही रकमा धरल्या जातात. या सगळ्याला समग्र आयडी लागते. महाराष्ट्रातून लग्न होऊन गेलेल्या मुलीचं नाव सासरच्या समग्रमध्ये चढवायचं राहून गेलेलं असतं, आणि आधारवर माहेरचं नाव तसंच असतं. हे काम तिसऱ्या महिन्यात करा, नवव्यात नाही.

खाजगीत ‘पॅकेज’ सांगतात. पॅकेज म्हणजे काय ते कागदावर लिहून मागा. नॉर्मलचं सुरू करून सिझर झालं तर किती? भूलतज्ज्ञ आणि बालरोगतज्ज्ञांची फी त्यात आहे का? औषधं बाहेरून आणायची की आतूनच? बाळ काचेत ठेवलं तर दिवसाला किती? शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, कारण बिल फुगतं ते तिथंच. वैयक्तिक विमा पॉलिसीत बाळंतपणाला प्रतीक्षा काळ असतो, लग्नानंतर लगेच काढली नसेल तर उपयोग होत नाही. नवऱ्याच्या कंपनीची सामूहिक पॉलिसी असेल तर तिच्यात बाळ पहिल्या दिवसापासून धरतात का ते बघा.

पूल, सवारी आणि सिंहस्थ

उज्जैनचा नकाशा बघितला की कळतं, रेल्वेलाइन शहर मधोमध कापते. एका बाजूला जुनं शहर, गोपाळ मंदिर, पटनी बाजार, ढाबा रोड. दुसऱ्या बाजूला फ्रीगंज. चामुंडा माता चौकातून फ्रीगंजला नेणाऱ्या पुलावर संध्याकाळी गाडी अडकली की अडकली. घर जुन्या शहरात आणि दवाखाना फ्रीगंजला असेल तर रात्री, दुपारी आणि संध्याकाळी असं तीन वेळा जाऊन किती मिनिटं लागतात ते मोजा.

तारीख श्रावणात येत असेल तर आणखी एक हिशेब. दर सोमवारी दुपारी चारच्या सुमाराला महाकालाची सवारी निघते, गुदरी चौक, बक्षी बाजार, रामघाट, ढाबा रोड, छत्री चौक, गोपाळ मंदिर असा फेरा मारून परत येते, आणि ते सगळे रस्ते कित्येक तास बंद असतात. उत्तरेकडचा श्रावण आपल्यापेक्षा पंधरा दिवस आधी लागतो, आणि सवाऱ्या चालतात आपला मराठी श्रावण संपेपर्यंत. शिंदेशाहीची आठवण आहे ती. म्हणजे जवळपास दीड महिना. शेवटच्या सवारीला तर विचारूच नका. नागपंचमी, महाशिवरात्र हेही दिवस तसेच. महाकाल लोक २०२२ मध्ये झाल्यापासून साध्या शनिवार-रविवारीही गर्दी असते. मंदिराच्या आसपास राहणाऱ्यांनी शेवटचे दोन आठवडे फ्रीगंज किंवा देवास रोडकडच्या नातेवाइकांकडे मुक्काम हलवला तर वाईट नाही. आणि २०२८ चा उन्हाळा हा सिंहस्थाचा. त्या दोन महिन्यांत तारीख येणाऱ्यांनी इंदूरचा किंवा माहेरचा विचार आधीच केलेला बरा.

कधी निघायचं?

पहिलटकरणीच्या कळा दर पाच मिनिटांनी, प्रत्येक साधारण मिनिटभर, आणि असं तासभर चाललं तर निघा. पण दवाखाना लांब असेल, बडनगर-महिदपूरकडून यायचं असेल, तर एवढं थांबू नका. आणि पुढच्या गोष्टींना तर कळांची वाट बघायचीच नाही : पाणी गेलं, रक्त गेलं, डोकं ठणकतंय आणि डोळ्यांपुढं अंधारी येतेय, चेहरा-हात अचानक सुजले, झटका आला, ताप आहे, बाळाची हालचाल कमी झाली. हालचालीचं विशेष. ‘दिवस भरले की बाळ शांत होतं’ असं म्हणतात, ते खरं नाही. कमी वाटली की त्याच दिवशी तपासा.

बाळ झाल्यावर

बाळ तासाभराच्या आत छातीला लावू देतात का, सिझर झालं तरी, हा प्रश्नही आधीच्या यादीत घाला. आपल्याकडे मध, मालव्यात घुटी, दोन्ही बाळाला नको. पहिलं घट्ट पिवळं दूध हीच त्याची पहिली लस. बाकी लशी, म्हणजे बीसीजी, पोलिओचा शून्य डोस आणि चोवीस तासांच्या आत कावीळ-बी, शिवाय व्हिटॅमिन के, दवाखान्यातून निघण्याआधी झाल्या का ते कार्डावर बघा. तिकडं ‘जापा’ म्हणतात आणि गोंदाचे लाडू करतात, आपल्याकडे डिंकाचे. एकच वस्तू आहे, दोन व्याहिणींनी त्यावरून वाद घालू नये.

नॉर्मल झालं तरी किमान दोन दिवस तिथंच राहावं, कारण पहिले दोन दिवस दोघांनाही जोखमीचे. खाट रिकामी करायची म्हणून लवकर घरी पाठवत असतील, तर जाण्याआधी आईचा रक्तदाब, स्राव आणि बाळाची कावीळ तपासून घ्या.

आणि शेवटी जन्मदाखला. २१ दिवसांच्या आत नोंद व्हायला हवी, दवाखानाच ती पाठवतो. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्यांना शाळेपासून पासपोर्टपर्यंत जन्मतारखेचा पुरावा म्हणून हाच दाखला चालणार आहे, त्यामुळे यातली चूक महागात पडते. उज्जैनला फॉर्म हिंदीत असतो आणि भरणाऱ्याला ‘ळ’ येत नाही. काळे ‘काले’ होतात, मुळे ‘मूले’ होतात, आणि बापाचं नाव मधे लिहायची आपली पद्धत माहीत नसल्यानं तेच आडनाव होऊन बसतं. फॉर्म दुसऱ्याच्या हातात देऊ नका. आई-वडिलांची नावं आधारवर इंग्रजीत आणि देवनागरीत जशी आहेत तशी एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून फाईलच्या पहिल्या पानावर लावा आणि सही करण्याआधी एकेक अक्षर वाचून घ्या. बाळाचं नाव ठरलं नसेल तर ती जागा कोरी राहिली तरी चालते, वर्षभरात ते फुकट टाकता येतं. बारशाची घाई त्यासाठी करायला नको.